बऱ्या झालेल्या माशा

शूयीच्या माशा आजारी असायला हव्या होत्या, आणि त्या बऱ्या झाल्या होत्या. एरवी कुणी बरं झालं की लोक पेढे वाटतात. ग्वांगचौच्या त्या प्रयोगशाळेत मात्र सुतक आल्यासारखं झालं.

फळमाशीच्या अंगातलं एक चिमुकलं जनुक शूयीने कापून काढलं होतं. मायक्रोआरएनएचं जनुक. ही जनुकं स्वतः काही घडवत नाहीत. दुसरी जनुकं कामाच्या भरात वाहवत गेली की 'पुरे आता' म्हणून त्यांना गप्प करतात, घरातल्या सासूसारखी. माशांच्या कुळात अशी नवी जनुकं सारखी जन्मतात आणि बहुतेक कुणाच्या उपयोगी न पडता मरून जातात. शूयीचं जनुक अलीकडचंच, पण टिकलेलं. का टिकलं, हे तिला सापडलं होतं: ते काढून टाकलं की नरांना संतती फारच थोडी होते. याच्यावर तिचा शोधनिबंध उभा होता आणि निबंधावर पदवी. पदवीची मुदत या उन्हाळ्यात संपत होती.

परीक्षकांनी प्रयोग पुन्हा करून दाखवायला सांगितला. शूयी लिखाणात बुडालेली, म्हणून तो छ्याओने केला. वेइ छ्याओ तिच्या हाताखाली शिकणारी, ग्वांगशीच्या डोंगरातून आलेली मुलगी. शूयीला ताई म्हणायची. तिने केला तेव्हा त्याच वंशाच्या नरांना भरभरून संतती झाली.

भेसळ, असं सगळे म्हणाले. एखादी साधी माशी उडून भलत्या नळीत शिरली की सगळं मुसळ केरात, हे माशा पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण सगळ्यांच्या आधी हा शब्द शूयीने उच्चारला होता. छ्याओ बैठकीत चाचरत म्हणाली, की ताईने शिकवलं तशाच ती नळ्या बदलते. शूयीने तिला मध्येच तोडलं.

"मग माशांना काय देव पावला? जेवताना तरी बघतेस का, चॉपस्टिकांत काय धरलंय ते?"

लोक हसले. पुढच्या बैठकीत छ्याओ आपणहून उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, चूक माझ्याच हातून झाली असणार. प्राध्यापक ओयांग, ज्यांना पाठीमागे सगळे शेठ म्हणत, त्यांनी तिला प्रयोगावरून काढून माशांचं खाद्य शिजवायला बसवलं. सत्र संपलं की दुसरा मार्गदर्शक बघ, असंही सांगितलं. नळ्या मिसळणारी म्हणून घालवलेल्या मुलीला कोण दारात उभं करणार होतं?

भेसळीवर शिक्का मारायला म्हणून शूयीने त्या नरांचा डीएनए तपासला. भेसळ असती तर कापलेलं जनुक कुठेतरी दिसलं असतं. एकाही नरात ते दिसलं नाही. तिने तपासणी पुन्हा केली. जनुक नव्हतंच, आणि तरी नर धडधाकट होते.

दुपारी ती नळ्या बदलायला बसली. दमट हवेने भिंतींना घाम सुटला होता. माशा काही बियाण्यासारख्या डब्यात भरून ठेवता येत नाहीत. वंश राखायचा तर जुन्या नळीतून नव्या नळीत त्यांना हलवत राहावं लागतं. गॅसने झोपवलेल्या माशा ब्रशने वेचताना तिचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं. ब्रश सवयीने टपोऱ्या नरांकडेच वळत होता. वंश दुबळा, मरून जाईल, या धास्तीने ती पहिल्यापासून असेच नर निवडत आली होती. छ्याओलाही तिने तेच शिकवलं होतं. जनुकावाचून ज्यांचं त्यातल्या त्यात बरं चाललं होतं, त्यांचीच पोरं पिढ्यानपिढ्या पुढे गेली, आणि इतर जनुकांनी हळूहळू उणीव भरून काढली. एरवी निसर्ग करतो ते काम तिनेच केलं होतं, तेही मायेपोटी. ब्रश खाली ठेवून ती शेठकडे गेली.

शेठनी चहा ओतत सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. असते तर शूयीला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, जनुक नव्याने काप, नव्या माशा आजारीच निघतील, तुझी मुदत मी वाढवून घेतो.

"आणि छ्याओ?"

"तिने कबूल केलंय ना? मिटलेलं कशाला उकरतेस? इतकी वर्षं नळ्या कोण सांभाळत होतं असं उद्या लोक विचारतील. तू सगळ्यांसमोर बोललीस, तर मुदतीसाठी मी कुणाच्या दारात जाणार नाही."

शूयी रात्रभर तळमळली. सकाळच्या बैठकीत ती बोलली. या वेळी कुणी हसलं नाही. शेठ खिडकीबाहेर बघत राहिले.

छ्याओ बैठकीला नव्हती. ती खालच्या खोलीत मक्याचं पीठ आणि गुळाचं पाणी घोटत होती. शूयीने तिला सगळं सांगितलं, अगदी शेठ काय म्हणाले तेसुद्धा. छ्याओने आच मंद केली.

"मला तर खरंच वाटायला लागलं होतं, माझ्याच हातून झालं म्हणून," ती म्हणाली. "कुठली नळी, कुठलं बूच, आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. घरीसुद्धा तसंच कळवलं." मग तिने विचारलं, "तपासणी कशाला केलीस, ताई? मी खरं बोलत असेन असं वाटलं म्हणून?"

हो म्हणता आलं असतं. छ्याओला तेच ऐकायचं होतं.

"नाही," शूयी म्हणाली. "तूच चुकलीस, हे पक्कं करायला."

छ्याओने मान हलवली आणि पुन्हा घोटायला लागली. पातेल्याच्या तळाशी पीठ लागू नये म्हणून जोर लावून घोटावं लागतं.

"सत्र संपलं की मी जातेच," ती म्हणाली.