पाणबुड्याचे घड्याळ आणि तांदळाचा डबा

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे. घड्याळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे एखादी नाजूक, चपटी वस्तू आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. मी मोठ्या पेढ्यापेक्षाही जाड आहे, वजनाला भक्कम आहे, आणि शर्टाच्या बाहीखाली आजवर कधी मावलेले नाही. माझा पट्टा काळ्या रबराचा आहे. काचेभोवती एक फिरते कडे आहे, ते फिरवले की कट् कट् वाजते. मी पाणबुड्याचे घड्याळ आहे. खोल समुद्रात, जिथे माणसाला स्वतःचा हात दिसत नाही, तिथे वेळ सांगण्यासाठी मला बनवले. राहते मात्र मी यवतमाळात. नकाशा काढून इथून समुद्र किती लांब आहे ते पाहा, म्हणजे माझी कुरकुर तुम्हाला समजेल.

माझा जन्म परदेशात, एका थंड डोंगराळ गावातल्या कारखान्यात झाला. तुम्हाला तेल लावून, न्हाऊमाखू घालून पाळण्यात ठेवतात. मला मात्र पाण्याने भरलेल्या पोलादी भांड्यात टाकले आणि चहूकडून असा दाब दिला, की साधे घड्याळ पापडासारखे चुरले असते. माझ्या आत एक थेंबही शिरला नाही. मगच मला पेटी मिळाली.

मला विकत घेतले देवसिंगने. पुसदजवळच्या एका तांड्यावरचा हा माणूस. धरणाच्या पाण्यात पोहत लहानाचा मोठा झाला आणि पुढे शिकून मुंबईजवळच्या समुद्रात पाणबुड्या झाला. समुद्रात तेलाच्या विहिरी असतात, त्यांचे लोखंडी खांब पाण्याखाली उभे असतात. खाली जाऊन ते तपासायचे, निखळलेले जोड वेल्डिंग करून सांधायचे, हे त्याचे काम. पहिली मोठी कमाई हातात आली तेव्हा त्याने मला मनगटावर बांधले आणि तांड्यावर घेऊन गेला. त्याच्या याडीने, म्हणजे आईने, मला हातात तोलून पाहिले आणि एवढे वजन घेऊन तू बुडशील ना रे, असे काळजीने विचारले. बुडायचाच तर पगार मिळतो, असे म्हणून देवसिंग हसला. याडी काही हसली नाही.

ती माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षे होती. पाण्यात शिरण्याआधी देवसिंग माझे कडे फिरवून त्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायचा आणि बोटाच्या पेराने माझ्या काचेवर एक टिचकी मारायचा. चल, असे सांगण्याची ती त्याची पद्धत होती. मग आम्ही खाली जायचो. वरचा उजेड हिरवा व्हायचा, मग काळा. तेव्हा माझे काटे चमकायला लागायचे, आणि खाली येऊन किती वेळ झाला, वर कधी निघायचे, हे तो माझ्याकडे पाहून ठरवायचा. एकदा त्याचा पाय एका जुन्या दोरात अडकला. तो घाबरला नाही. माझ्याकडे पाहिले, वेळ आहे हे ओळखले आणि सावकाश एकेक वेढा सोडवला. त्या दिवशी वर आल्यावर त्याने मला गालाला लावले. मी त्याच्या उपयोगाला आले, याचा मला फार अभिमान वाटला.

पुढे त्याचा उजवा कान गेला. खोल पाण्याचा दाब कानांना सोसत नाही, आता खाली गेलात तर दुसराही कान जाईल, असे डॉक्टरांनी बजावले. देवसिंग तांड्यावर परत आला आणि कापूस-तुरीच्या शेतीला लागला. मला त्याने खुंटीला अडकवले. जाता-येता तो माझ्याकडे बघायचे टाळायचा. मला राग नाही आला. त्याचे दुःख मला कळत होते, कारण माझेही तेच होते.

कानाच्या तपासणीला तो यवतमाळला यायचा. एकदा माझा पट्टा तुटला म्हणून तो मला तिथल्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला, आणि तिथे आम्हाला कमलाकर साहेब भेटले. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी धरणांच्या पाण्याची पातळी कागदावर मांडली, पण स्वतः घोट्याच्या वर कधी पाण्यात उतरले नाहीत. त्यांना नाद एकच, घड्याळे जमवण्याचा. घरी मखमलीचे अस्तर लावलेली लाकडी पेटी, आणि तिच्यात नाना तऱ्हेची चावीची घड्याळे. पाणबुड्याचे घड्याळ मात्र त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले, नैवेद्याचे ताट उचलावे तसे, आणि खाली ठेवायला तयारच होईनात.

त्यांनी मला विकत मागितले, तेव्हा देवसिंग आधी नाही म्हणाला. पण पुढच्या खेपेला तो स्वतःच त्यांच्या घरी गेला. पैसे घ्यायला त्याचे मन होईना. तेव्हा साहेबांनी पेटीतले आपले सर्वांत आवडते चावीचे घड्याळ काढून त्याच्या हातावर ठेवले. घड्याळाच्या बदल्यात घड्याळ. मला सोपवताना देवसिंगने एकच अट घातली.

"साहेब, मी तं आता खाली जाऊ शकत नाही. पण हे पाण्यातलं जनावर आहे. महिन्यातून एकखेप तरी याले पाणी दाखवजा."

साहेबांनी लगेच होकार दिला. इतका लगेच, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिल्या दिवशी त्यांनी मला मनगटावर चढवले. त्यांचे मनगट बारीक, मी थोराड. मी घसरून सारखे खाली लोंबू लागले. त्यांच्या पत्नी पद्मजाताई म्हणाल्या, की तुमच्या हाताला प्लास्टर घातल्यासारखे दिसते आहे. साहेबांनी तोंड पाडून मला काढले आणि पेटीत ठेवले. दर रविवारी ते बाकीच्या घड्याळांना चावी द्यायचे. मी तर हाताच्या हालचालीवर चालते, मला चावी देण्याची पद्धत नाही. पेटीत पडून पडून मी बंद पडले. शेजारची बारीक घड्याळे दिवसभर टिकटिक करायची आणि मी मध्ये मुकाट पडलेले. फार लाज वाटायची.

साहेबांचे माझ्यावर प्रेम नव्हते असे मुळीच नाही. त्यांनी मला तळहाताच्या फोडासारखे जपले. कोणी पाहुणा आला की सर्वांत आधी मला दाखवायचे. दसऱ्याला शस्त्रे आणि अवजारे पुजतात, तसे ते पाटावर सगळी घड्याळे मांडून पुजायचे. झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडताना माझ्यावर मात्र हात आडवा धरायचे, थेंब पडू नये म्हणून. आणि पावसाळ्यात तर कहरच झाला. हवा दमट आहे, घड्याळ सर्दावेल, आणि तांदूळ ओल शोषून घेतो, असा विचार करून त्यांनी मला मलमलीच्या फडक्यात गुंडाळले आणि तांदळाच्या डब्यात पुरले. समुद्राच्या तळाशी जाऊन आलेले मी, कोरडे राहावे म्हणून तांदळात! एके दिवशी खिचडीसाठी तांदूळ काढताना पद्मजाताईंचे माप माझ्यावर आपटले. फडके सुटले होते. ताईंनी मला वर काढले, पुसले, आणि कपाळावर हात मारला.

देवसिंगला दिलेल्या शब्दाची त्या अधूनमधून साहेबांना आठवण करून द्यायच्या. पुढच्या महिन्यात नक्की, असे साहेब म्हणायचे. पुढच्या महिन्यात थंडी असायची, त्याच्या पुढच्या महिन्यात नाक गळायचे.

मग देवसिंगचा फोन आला. कान दाखवायला येतो आहे, घड्याळाला भेटून जाईन, आणि शेजारगावी मावसभावाकडे मुक्काम करीन. साहेबांची धांदल उडाली. मला मनगटावर बांधून ते सकाळभर हात हलवत घरात येरझारा घालत राहिले, मी चालू व्हावे म्हणून. मी चालू झाले. त्यांचा जीव भांड्यात पडला.

देवसिंग आला. त्याच्या मनगटावर साहेबांचे ते चावीचे घड्याळ होते. काचेवर ओरखडे, पट्ट्याला घामाचे डाग, पण वेळ अगदी बरोबर. रोज सकाळी शेतावर निघताना चावी देतो, असे त्याने सांगितले. ओरखडे पाहून साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला पुढे केले. मी लखलखीत होते. देवसिंगने मला डाव्या कानाला लावले, समाधानाने मान हलवली, आणि जुन्या सवयीने माझे कडे फिरवले.

कट् कट् आवाज आला नाही. खर्रर्र आवाज आला, आणि कड्याच्या फटीतून पांढरा भुगा त्याच्या तळहातावर पडला. त्यात तांदळाची एक कणीही होती. देवसिंगने ती कणी बोटाने फिरवून पाहिली आणि साहेबांकडे पाहिले. शेवटी पद्मजाताईंनीच डब्याची सारी हकिकत सांगितली.

देवसिंग रागावला नाही. रागावला असता तर साहेबांना सोपे गेले असते.

"तुमी याले माह्याहून जास्त जपलं, साहेब," तो म्हणाला. "पण ही तांदळात ठेवाची चीज नाही. मले पाण्याची मनाई आहे, म्हणून तुमाले देल्लं. तुमीबी पाण्यात नेत नसान, तं वापस द्या."

असे म्हणून त्याने आपल्या मनगटावरचे घड्याळ सोडले आणि टेबलावर ठेवले. साहेब पाहतच राहिले. मग मान खाली घालून हळूच म्हणाले, "देवसिंग, मला पाण्याची भीती वाटते हो."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

साठी उलटलेल्या माणसाला असे सांगायला किती जड जाते, ते मी जवळून पाहिले. मला त्यांची दया आली. निवाडा ताईंनी केला. उद्या सकाळी सगळे गावातल्या पोहण्याच्या तलावावर जाऊ. मला घेऊन साहेब पाण्यात उतरले तर मी त्यांच्याकडेच राहायचे, नाही तर देवसिंगबरोबर परत जायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर मुले डुंबत होती. देवसिंगला खोल जायला मनाई होती, छातीभर पाण्यात उभे राहायला नव्हती. तो आधी उतरला. साहेब पायरीवर बराच वेळ उभे राहिले. मग एक पाऊल, आणखी एक. पाणी गुडघ्याला लागले तसा त्यांचा डावा हात, ज्यावर मी होते, आपोआप वर गेला. पुराच्या नाल्यातून जाताना आपल्याकडे माणसे घड्याळाचा हात वर धरतात ना, अगदी तसा. पाणी कमरेला आले, छातीला आले, आणि हात सरळ आभाळाकडे. साहेब चिंब भिजले, कोरडे राहिले ते फक्त मी. मुले खिदळू लागली. काठावर ताईंनी पदर तोंडाला लावला.

देवसिंग हसला नाही. तो चालत त्यांच्याजवळ आला, वर धरलेला हात आपल्या हातात घेतला, माझे कडे फिरवले आणि काचेवर टिचकी मारली.

"साहेब, हात खाली करा. त्याले पाण्यानं काही होत नाही. अन् तुमाले मी काही होऊ देत नाही."

साहेबांनी डोळे मिटले. आधी कोपर बुडाला, मग मनगट, मग मी. किती वर्षांनी पाणी माझ्या काचेवरून गेले! कड्यात अडकलेला तांदळाचा उरलेला भुगा सुटून पाण्यात पांगला. हे पाणी गोड होते, उथळ होते, त्याला औषधाचा वास होता. मला त्याचे काही वाटले नाही. मी अतिशय सुखात होते. साहेबांनी डोळे उघडले, पाण्यातून माझ्याकडे पाहिले आणि मी चालते आहे हे पाहून लहान मुलासारखे हसले. देवसिंगही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि तलावात कोणाच्या तोंडावर कुठले पाणी आहे ते कोण पाहतो!

बाहेर आल्यावर साहेब लगबगीने रुमाल शोधू लागले, मला कोरडे करायला. देवसिंगने त्यांचा हात धरला. वाळते ते आपोआप, असे म्हणाला. मग ताईंनी बरोबर आणलेले आपले चावीचे घड्याळ मनगटावर बांधून तो पुसदच्या एसटीत बसला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटात कोणाची तरी जीवापाड जपलेली वस्तू असेल. एखादी सायकल, एखादी बाजाची पेटी, एखादा पोहऱ्याचा दोर. तिला पुसा, तेल द्या, आणि मग तिच्या कामावर पाठवा. एखादा ओरखडा पडेल, तो पडू द्या. माझे म्हणणे एवढेच आहे.

साहेब आता दर रविवारी तलावावर जातात. अजून पोहता येत नाही. अजूनही पाणी गुडघ्याला लागले की त्यांचा डावा हात वर जातो. मग त्यांना देवसिंग आठवतो. ते स्वतःच माझे कडे फिरवतात, काचेवर टिचकी मारतात, आणि हात खाली घेतात.