एकच नंबर दोनदा

मी नंबर उमटवणारा शिक्का बोलतोय. रबराचा हलका शिक्का नव्हे. अंगानं लोखंडी, वर दांडा, पोटात सहा चाकं. दांडा दाबला की कागदावर आकडा उमटतो आणि चाक आपोआप एक घर पुढे सरकतं. सध्या मी कापडी पिशवीत बंद आहे, पिशवीच्या तोंडावर लाखेची मोहोर आहे. तरीही मला जे सांगायचं आहे ते मी सांगणार आहे.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. माझी चाकं बसवणारा कारागीर मोठा चिकित्सक होता. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर चष्मा शोधेल, पण चाकात केसाएवढा फरक खपवून घेणार नाही. त्यानं मला शंभर वेळा दाबून पाहिलं. शंभर आकडे ओळीनं आले, तेव्हा कुठे मला डब्यात जागा मिळाली. माझ्याबरोबरचे काही टपाल कचेरीत गेले, काही दवाखान्यात. माझी नेमणूक पोलिसांच्या तपास खात्यात झाली.

तिसऱ्या मजल्यावर परवानगी कक्ष नावाची एक खोली होती. एक खिडकी, दोन कपाटं, एक मोठं टेबल आणि उचलून धरल्याशिवाय न लागणारी दाराची कडी. खोली दिसायला यथातथाच, पण तिचं काम फार मोठं. तपास करणाऱ्या कुणालाही एखाद्याचं फोनवरचं बोलणं चोरून ऐकायचं असेल, त्याच्या मागे माणूस लावायचा असेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्याची गुपचूप विचारपूस करायची असेल, तर आधी इथे अर्ज यायला हवा. कुणाची चौकशी, कशावरून, किती दिवस आणि मागतंय कोण, या चारही प्रश्नांची उत्तरं अर्जात हवीत. मग वरिष्ठांची सही, मग माझा नंबर. नंबर पडल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. जिवावरचा प्रसंग असेल तर आधी काम करायची मुभा होती, पण कागद दोन दिवसांत आलाच पाहिजे. नव्वद दिवस झाले की पुन्हा कारण द्यायचं. आणि हे सगळं नीट चाललंय ना, हे पाहायला दर तीन महिन्यांनी खात्याबाहेरची देखरेख समिती यायची.

खोलीचा कारभार कारकून बाईंकडे होता. बाई नाकासमोर चालणाऱ्या, बोलायला मऊ आणि कागदाला कडक. अर्जावर 'इसम संशयास्पद वाटतो' असं लिहिलं असलं की त्या तो परत सरकवायच्या.

"वाटतो ते राहू द्या. तुम्ही काय पाहिलं ते लिहा."

अधिकारी जिन्यात कुरकुरायचे. बाईंच्या टेबलापेक्षा वार्षिक परीक्षा परवडली, असं एकजण म्हणाला होता. बाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या हसल्या आणि त्याचा पुढचा अर्जही तितक्याच बारकाईनं वाचला.

आमच्या मजल्याचे साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. एकदा एका सहा वर्षांच्या मुलीला कुणी पळवून नेलं. साहेब धापा टाकत अर्ज घेऊन आले. बाईंनी जेवणाचा उघडलेला डबा तसाच बंद केला, अर्ज वाचला, वीस मिनिटांत सही मिळवली आणि माझा दांडा दाबला. संध्याकाळी मुलगी आईच्या कडेवर होती. त्या दिवशी साहेबांनी सगळ्या कक्षाला चहा पाजला. मीही या कामात होतो, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण यशाची चव लागली की माणसाला धीर धरवत नाही.

गावाच्या एका गल्लीत एक पाळणाघर होतं. चालवणारी मावशी एकटी राहायची. अकरा मुलं तिच्याकडे असायची, त्यावरच तिचं पोट होतं. तिच्या घरी संध्याकाळी माणसं जमतात, दार लावून बोलतात, अशी कुणीतरी साहेबांच्या कानाला लागून कुजबुज केली. जवळचा सरकारी दवाखाना बंद होणार होता आणि तो बंद होऊ नये म्हणून गल्लीतली माणसं तिथे अर्ज लिहायला बसायची, इतकीच गोष्ट होती. साहेबांनी ना अर्ज केला ना नंबर घेतला. साध्या कपड्यातली दोन माणसं त्यांनी मुलांच्या आईबापांकडे धाडली. "बाई कशी आहे? कोण कोण येतं तिच्याकडे? तुमच्या मुलानं काही सांगितलं का?" असं पोलिसानं विचारल्यावर कुठली आई आपलं मूल तिथे ठेवेल? आठवड्याभरात पाळणाघर रिकामं झालं.

मावशी रडत बसली नाही. तिनं समितीकडे तक्रार केली. तिचं मागणं एवढंच होतं की ही चौकशी नियमानं झाली का, ते सांगा. नियमानं झाली असेल तर विषय तिथेच संपला. नसेल तर ज्यांना ज्यांना प्रश्न विचारले त्यांना खात्यानं लेखी कळवायचं की या बाईविरुद्ध आमच्याकडे काहीही नाही. त्या पत्रावर तिची अब्रू आणि तिची चूल अवलंबून होती.

समिती येणार असं कळल्यावर साहेब आमच्या खोलीत आले.

"बाई, एक कागद मागे राहिलाय. नंबर तेवढा घालून द्या."

"देते ना. आजची तारीख, आजचा नंबर."

"आजचा घेऊन काय करू? दीड महिन्यापूर्वीचा हवा."

"साहेब, हे वरातीमागून घोडं झालं. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

साहेबांनी टेबलावरची नोंदवही उघडली आणि दीड महिन्यापूर्वीच्या पानावर एका जागी बोट ठेवलं. तिथे ओळ कोरी होती.

ही कोरी ओळ समजून घ्यायला हवी. माझ्या पोटातली शाई रात्रभरात सुकते, म्हणून सकाळचा पहिला आकडा फिका उमटतो. तो अर्जावर नको, म्हणून चिठोऱ्यावर मारून बघायची आमच्याकडे जुनी पद्धत. त्यात एक नंबर फुकट जातो, वहीत त्याची ओळ कोरी राहते. आधीचे कारकून ते चिठोरं टोपलीत टाकायचे आणि खात्यात सगळ्यांना तेच ठाऊक होतं. साहेबांच्या लेखी वहीत रोज एक रिकामी जागा होती, कुणाचीही नसलेली.

"वही आणि शिक्का माझ्या खोलीत पाठवा," साहेब म्हणाले. "समितीच्या आधी मला तपासून घ्यायचंय."

वरिष्ठांनी मागितलं तर द्यावं लागतं. शिपाईमामा मला घेऊन गेले.

पुढे जे झालं ते सांगताना मला लाज वाटते. साहेबांनी दार लावलं, टाचणी घेतली आणि माझी चाकं एकेक करून मागे फिरवली. त्या कोऱ्या ओळीच्या नंबरावर, म्हणजे ४११२ वर आणून मला मावशीच्या चौकशीच्या अर्जावर दाबलं; अर्जावर मागची तारीख होती आणि वरिष्ठांची सही त्यांनी इतर कागदांच्या गठ्ठ्यात आधीच उरकून घेतली होती. मी अडकून पाहिलं, पण लोखंडाचं बळ ते किती? आकडा स्वच्छ उमटला. मग त्यांनी वहीतली कोरी ओळ भरली, माझी चाकं होती तिथे आणली आणि मला परत पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोललो होतो, तेही ठळक अक्षरात.

बाईंनी वही उघडली आणि कोऱ्या ओळीत परकं अक्षर पाहिलं. दुपारी त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. बाईंनी तिला नावगाव न सांगता अडचण सांगितली.

"पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घेतेस?" ताईचा आवाज टेबलापर्यंत येत होता. "पोरीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. मध्येच बदली झाली तर काय करशील?"

"ते मलाही कळतंय गं, ताई."

"मग गप्प बस. तुला कुणी विचारलंय का?"

"नाही विचारलं. म्हणून तर झोप लागणार नाही."

फोन ठेवून बाईंनी कपाट उघडलं. आत एका लोखंडी सळईवर चिठोऱ्यांची चळत खोचलेली होती. बाई रुजू झाल्या त्या दिवसापासून त्यांनी एकही चिठोरं टाकलं नव्हतं. प्रत्येकावर तारीख, प्रत्येकावर सही. वाया गेलेल्या नंबराचाही हिशेब असावा, असं त्यांना वाटायचं. त्यांनी ४११२ चं चिठोरं शोधलं. घरी न्यावं असं क्षणभर वाटलं असावं, कारण त्यांनी पर्स उघडली. मग मिटली. कचेरीचा कागद कचेरीतच राहिला, कपाटाला कुलूप लागलं.

समितीचे प्रमुख एक निवृत्त न्यायाधीश होते. दोन चष्मे बाळगायचे, म्हणून माघारी सगळे त्यांना आजोबा म्हणत. त्यांनी मावशीच्या चौकशीचा अर्ज वाचला, नंबर पाहिला, वहीतली ओळ पाहिली.

"सगळं जागच्या जागी आहे," ते म्हणाले आणि फाईल मिटायला लागले.

"सर, थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी चिठोरं समोर ठेवलं. "हा नंबर त्या दिवशी सकाळी मी इथे मारलाय. शिक्का एक नंबर दोनदा मारत नाही. त्याला मागे फिरवलं तरच मारतो."

साहेब चटकन म्हणाले, "पण ही चिठोरी तर टोपलीत जातात."

आजोबांनी चष्मा बदलला. "जातात की नाही याची तुम्हाला काळजी का?"

साहेब खाली बसले. म्हणाले, "कागद मागे राहिला, सर. चूक झाली."

"विसरला असता तर चूक म्हटलं असतं. हे तुम्ही बसून केलंय. आणि त्या मुलीला शोधलंत तेव्हा याच टेबलानं तुम्हाला अडवलं होतं का?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

त्याच दिवशी आदेश निघाला. साहेबांवर कारवाई सुरू झाली, मावशीविरुद्ध जमवलेली टिपणं नष्ट करायचं ठरलं आणि अकरा घरांना अकरा पत्रं जायची होती. मला वाटलं, आता तरी माझं तोंड उजळेल. बाईंनाही तसंच वाटलं.

"सर, या पत्रांवर याचाच नंबर मारू का? बिचाऱ्याकडून खोटं करवून घेतलंय."

"नाही," आजोबा म्हणाले. "तो आता पुरावा आहे. त्याला हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही."

मला वाईट वाटलं, पण म्हातारा बरोबर होता. नियम साहेबांसाठी वाकत नसेल तर माझ्यासाठीही वाकता कामा नये. बाईंनी अकराही नंबर हातानं लिहिले आणि शिपाईमामांनी मला पिशवीत घातलं.

त्याला आता वर्ष झालं. बाईंची बदली झाली नाही. पुरावा खोलीतल्या मोहोरा तपासायला त्या दर तीन महिन्यांनी येतात. मागच्या खेपेला शिपाईमामांनी पाळणाघराचं विचारलं.

"सात मुलं परत आली," बाई म्हणाल्या.

"आणि चार?"

"त्यांच्या आया म्हणतात, पत्र मिळालं. पण काहीतरी असल्याशिवाय पोलीस येतील का?"

मी त्या चार घरांचा विचार करतो. तिथे माझा आकडा पोहोचत नाही, बाईंचं अक्षर पोहोचलं पण पुरलं नाही. म्हणून जो कुणी माझ्यासारख्याचा दांडा हातात धरेल, त्याला माझं एकच मागणं आहे. वाचायचं ते दार ठोठावण्याआधी वाचा. कारण नसेल तर अर्ज परत सरकवा, समोर कितीही मोठे साहेब असोत. एकदा कुणाच्या दारावर थाप पडली की ती कुठल्याच पत्रानं पुरती मागे घेता येत नाही.