कानशीच्या खुणा

"वरची बाजू पाण्याबाहेर राहू दे! पिंजरा बुडाला तर आतलं कासव गुदमरेल," कमरेइतक्या पाण्यातून नुरगाइशाबाई ओरडल्या.

काबदेशनं पिंजरा वर ओढून खुंटीला बांधला. हा कोळी एके काळी बाईंचाच विद्यार्थी. आज मात्र तो त्यांना खोटं पाडायला आला होता.

झायिक नदीनं पात्र बदलताना मागे सोडलेल्या या तळ्यात मे-जूनमध्ये जाळी नकोत, अशी बाईंची मागणी होती. अंडी घालायला काठाकडे येणाऱ्या कासवांच्या माद्या जाळ्यांत अडकून बुडत होत्या. गावच्या सभेत काबदेश म्हणाला, "हजारभर कासवं आहेत तळ्यात. बाईंना आता चष्म्यातूनही दिसत नाहीत!" सगळे हसले.

निवृत्तीच्या आधीपासून, एकोणीस उन्हाळे, बाई इथली कासवं पकडत, कवचाच्या कडेला कानशीनं खाच पाडत आणि सोडून देत. त्या सभेतच शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या हातानं दिवसभर पकड. हजार असतील, तर बहुतेक कोरीच निघतील. निम्म्यांवर तरी माझी खूण नसली, तर मागणी सोडते. आणि असली, तर जाळी नकोत असं पुढच्या सभेत तूच सांगायचं."

आज पहिलंच कासव कोरं निघालं.

"बघा बाई! सोडायची ना मागणी?"

"दिवस मावळू दे." बाईंनी ते गुडघ्यांत धरलं आणि कानस चालवली.

दुसऱ्यावर खाच होती. तिसऱ्यावर, चौथ्यावरही. दुपारी दोघांनी काठावर बसून तळलेल्या पिठाचे बाउरसाक खाल्ले, खारट चहा प्यायले. घाईघाईनं उठून काबदेशनं पलीकडच्या बोरूच्या बेटात पिंजरे लावले. तिथल्या कासवांवरही बाईंची कानस पोचलेली होती.

सूर्य कलला तेव्हा चौदा कासवं झाली होती. तेरांवर जुनी खूण.

"बहुतेक सगळी ओळखीचीच," बाई म्हणाल्या. "म्हणजे नवी येतच नाहीत रे."

"एकूण किती उरली असतील?"

"साठ. फार तर सत्तर."

काबदेश होडीत चढला आणि तळ्यातलं आपलं जाळं ओढू लागला. सभेला अजून अवधी होता, तरी त्यानं ते पुरतं वर घेतलं. शेवटच्या टोकाला एक मादी होती. मेलेली. त्यानं तिच्या कवचाच्या कडेवरून अंगठा फिरवला, तो खाचेत अडकला. त्यानं होडी काठाला आणली.

"तुमचीच आहे."

बाईंनी चाचपून पाहिलं. "खूण बारा वर्षांपूर्वीची. पोटात अंडी आहेत."

काबदेशनं चाकू काढला. "सोमवारी मी बोलतो सभेत. हे जाळं कापूनच टाकतो."

"कापू नकोस. नदीवर मासेमारीला लागेल तुला."

बाई काठावर बसल्या, मादीला मांडीवर घेतलं आणि तिच्या पायाभोवतीचा नायलॉनचा गुंता एकेक गाठ करून सोडवू लागल्या.