टोकाला चिरलेलं टरफल

सकाळी दहा चाळीसला पुरातत्त्व प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर आत्याच्या हातून एक ताटली दुसरीत कलंडली. आवाज फारसा झाला नाही. जळलेली चिलगोज्याची टरफलं ती. त्यांना वजन ते काय असणार!

एका ताटलीत साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतून निघालेली टरफलं होती. दुसरीतली गेल्या आठवड्यातली, आत्याने स्वतः दातांनी फोडून मागच्या अंगणात गरम वाळूखाली काळी केलेली. तेव्हाचे लोक चिलगोजे आधी फोडत की आधी भाजत, हे ताडून पाहायचं होतं. मोजदाद आणि फोटो दुपारी व्हायचे होते.

आत्या एकोणीस वर्षं इथे चिमट्याने बिया निवडत आली होती. आता तिची सख्खी भाचीच प्रयोगशाळेची प्रमुख. चार महिन्यांपासून आत्याचा उजवा हात थरथरत होता, आणि भाचीला त्याचा सुगावा लागू नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती. चिमटा हातातून गेला तर दिवसभर करायचं काय?

भाची आली, ताटल्या पाहिल्या आणि मटकन स्टुलावर बसली.

"ओरड हवं तर," आत्या म्हणाली.

"ओरडून वेगळी होणारेत का? जुन्यांच्या खाचांत मातीतला चुना असेल. भिंगाखाली कळेल."

एकाही खाचेत चुना नव्हता. भाचीनेच आदल्या दिवशी ब्रशने सगळी लख्ख केली होती.

"एवढी स्वच्छता कधी स्वयंपाकघरात दाखवली असतीस!"

"आत्या, आत्ता नको हं."

आत्या भिंगावर वाकली. एकेक टरफल निरखलं. मग म्हणाली, "हे माझं."

"कशावरून?"

आत्याने वरचा ओठ उचलून दाखवला. पुढच्या दाताचा टवका गेलेला. "तुझ्या बापाने झोक्यावरून ढकललं होतं. चावलं की मधे बारीक उंचवटा राहतो बघ. भावाचा एवढा तरी उपयोग झाला."

भाची हसली. तिने चिमटा धरला, आत्या सांगत गेली. माझं. त्यांचं. त्यांचं. माझं. सव्वाचारला एकच टरफल उरलं. नुसतं टोकाला चिरलेलं, बाकी आख्खं. गर न मोडता निसटावा असं. दाताची खूण आगीत पुसली गेली होती.

"तुला मी असेच सोलून द्यायचे," आत्या म्हणाली. "गर तुटला की भोकाड पसरायचीस."

"मग हे तुझंच?"

"हात सवयीने करतात गं. आठवत नाही."

"आणि तुझं नसेल तर?"

"तर तेव्हाही कुणाचं तरी पोर तुझ्याइतकंच हट्टी होतं."

"हे मला लिहिता यायचं नाही."

"मी कुठे लिही म्हणतेय?"

वय काढायला पाठवलं तर उत्तर मिळेल, पण त्या तपासणीत टरफल जाळावं लागतं. भाचीने ते काचेच्या कुपीत ठेवलं. मग आत्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"कधीपासून?"

"चार महिने."

"मला सांगावंसं नाही वाटलं?"

"चिमटा काढून घेतला असतास."

भाचीने हात सोडला नाही. एका हातात तसाच धरून दुसऱ्याने फोन लावला.

गुरुवारी सकाळी नऊची डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. कुपीवरच्या चिठ्ठीत 'जुनं की नवं' ही जागा कोरी आहे. चिमट्याबद्दल भाची अजून काही बोललेली नाही.