तळ्यातली लाल रेघ

मी एक जुनी लोखंडी मोजपट्टी आहे. शिरूर कासारजवळच्या एका वाडीच्या तळ्यात, बांधाच्या पायऱ्यांपाशी, एका खांबाला बोल्टांनी जखडलेली. माझ्या पांढऱ्या अंगावर काळे आकडे आहेत आणि खालच्या बाजूला एक लाल रेघ. मित्रांनो, माझं अर्धं अंग हवेत असतं आणि अर्धं पाण्यात. हवेतलं जागं असतं, पाण्यातलं कायम झोपेत. त्यामुळे मी दिवसाढवळ्या स्वप्नं बघते, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म तेलगावच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. माझ्याबरोबरचं लोखंड कुठं नांगराला गेलं, कुठं उसाच्या गाडीला. मला मात्र एका जागी उभं राहून बघायचं काम मिळालं. तळ्याच्या पाणी वापर सहकारी संस्थेचे चेअरमन सुंदरराव यांनी मला स्वतः जीपमधून आणलं. नारळ फुटला, हळदीकुंकू लागलं आणि वाडीनं एक नियम केला. पाणी उतरत लाल रेघेला टेकलं, की उसाच्या मोटारी बंद. त्याखाली उरेल ते माणसांचं आणि जनावरांचं. सुंदररावांनी माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हिनं सांगितलं की माझीबी मोटार बंद. चेअरमन हाय म्हणून मला सूट न्हाई." मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

पुढं एके वर्षी पुण्याहून मुक्ता मॅडम आल्या. त्यांनी माझ्या पायाशी एक यंत्र ठेवून माझी उंची नोंदवली, माझा आकडा रोज पुण्याला कळवायचं काम संस्थेला दिलं आणि भोवती जमलेल्या पोरांना सांगितलं, "वर एक उपग्रह फिरतो. तो खाली लहरी सोडतो, त्या पाण्यावर आपटून परत जातात आणि त्यावरून त्याला पाण्याची उंची कळते. उत्तरेकडचं बर्फ किती खचलं, समुद्र किती चढला, सगळं तो असंच मोजतो. पण त्याचं मोजमाप बरोबर आहे का, हे जमिनीवरच्या पट्टीशी ताडून बघावं लागतं. म्हणून मी इथं आले."

"आमच्या तळ्यावरून बर्फाची परीक्षा?" एका पोरीनं विचारलं.

"हो. बर्फाची, समुद्राची आणि तुमच्या पावसाचीसुद्धा. समुद्र तापला की पावसाचं गणित बिघडतं."

त्या दिवसापासून मला वर एक मित्र मिळाला. तो डोक्यावरून जायचा तेव्हा अंगावर कोणी हळूच फुंकर घातल्यासारखं वाटायचं. मग पाण्यातलं माझं अर्धं अंग स्वप्नात त्याच्याबरोबर निघायचं. निळसर बर्फाचे डोंगर दिसायचे, त्यांच्या कडा सावकाश समुद्रात उतरताना दिसायच्या. मी आयुष्यात तळ्यापलीकडचं पाणी पाहिलेलं नाही, पण खारा वारा मला लागायचा. मी त्याला माझा आकडा सांगायची आणि तो मला जगाचे आकडे सांगायचा. दोघांचं जुळलं, की आम्हाला बरं वाटायचं.

मग तो दुष्काळ आला. दिवाळी होताच निम्मी वाडी कोयते घेऊन ऊसतोडीला गेली. वाडीतल्या मंजुळाबाईचा लेक आणि सूनही गेले. मागं राहिल्या ती आणि तिच्या दोन म्हशी. त्यांचं दूध डेअरीला घालून ती दिवस काढायची. पाणी रोज उतरत होतं, आणि मित्रांनो, पाणी उतरलं तसं माझं झोपेतलं अंग कमी व्हायला लागलं. स्वप्नं तुटक झाली.

दर संक्रांतीला मला उतरवून रंग द्यायची पद्धत आहे. त्या वर्षी सुंदरराव म्हणाले, "रंगाचं मी बघतो." मी नव्या रंगात चकाकत परत आले. ऐन दुपारी, आसपास कोणी नसताना, ते छातीभर पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी मला खांबावर हातभर खाली बसवलं. बोल्ट आवळताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "उसाला आजून दोन पाणी पायजेत गं फक्त," ते पुटपुटले. "दोन पाण्यात ऊस हाती येतोय."

मी हातभर खाली गेले, म्हणजे लाल रेघही खाली गेली. आता पाणी कितीही उतरलं तरी माझ्यावर ते भरपूर दिसायचं. त्या संक्रांतीला बाया मला हळदीकुंकू लावून म्हणाल्या, "किती छान दिसायली!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोटारी चालू राहिल्या. मंजुळाबाई कुरकुरायची, "पट्टी म्हणती पाणी हाय, आन् माझ्या म्हशी चिखलात बसायल्यात." संस्थेतले लोक म्हणायचे, "पट्टीवर बघ की, मावशी." ती माझ्याकडे बघायची आणि म्हशी हाकत माघारी जायची. पट्टी कशी खोटी सांगेल, असं तिला वाटत असणार.

वरून माझा मित्र जायचा. तो एक आकडा सांगायचा, माझ्या अंगावर दुसराच दिसायचा. मी ओरडून सांगितलं असतं, पण लोखंडाला कुठला आवाज?

होळीच्या सुमारास मुक्ता मॅडम धावत आल्या. "सुंदरराव, संक्रांतीपासून हातभराचा फरक येतोय. आमचे साहेब म्हणतात, उपग्रहाचंच यंत्र बिघडलं असेल. तसं असेल तर त्यानं मोजलेलं बर्फ, समुद्र, कशावरच भरवसा ठेवता येणार नाही."

सुंदररावांना पळवाट आयती मिळाली. ते खाली बघत म्हणाले, "वरचंच बिघडलं आसंल."

मंजुळाबाई म्हशींना घेऊन पायऱ्यांवर उभी होती. "मग माझ्या म्हशीबी बिघडल्या का, दादा?"

तिच्या म्हशीनं गाळात तोंड घातलं आणि फुरफुरून वर काढलं. सुंदररावांनी ते पाहिलं. मग जीपमधून पाना काढून ते पाण्यात उतरले. आता पाणी त्यांच्या मांडीलाही लागत नव्हतं.

"वरच्याला दोष देऊ नका, मॅडम. पट्टी मी सरकवली."

त्यांनी मला जुन्या जागी बसवलं. पाणी लाल रेघेच्या पार खाली गेलेलं होतं. सगळ्यांनी ते पाहिलं. सुंदरराव ओल्या धोतरानं चालत गेले आणि पहिली मोटार त्यांनी स्वतःची बंद केली.

त्यांचा ऊस कारखान्याला गेलाच नाही, उभा वाळला. हिरवा होता तेवढा तोडून त्यांनी वाडीच्या जनावरांपुढं टाकला, आणि मंजुळाबाईच्या म्हशींच्या वाट्यालाही तो आला. चैत्रात तिचा लेक आणि सून परतले तेव्हा तळ्यात गुडघाभर पाणी होतं आणि दोन्ही म्हशी त्यात बसल्या होत्या. मी ते पाहिलं आणि मला रडू आलं. माझं रडणं म्हणजे थोडा गंजच, पण आलं.

आज मी म्हातारी आहे. मी सरकले होते तिथली भोकं खांबावर अजून दिसतात. पोरं त्यात बोटं घालून खेळतात. मित्र वरून जातो आणि आमचे आकडे पुन्हा जुळतात. पण हल्ली तो बर्फाचं सांगताना मध्येच थांबतो. तिकडं बर्फ उतरतच चाललंय, म्हणतो, आणि आकडा नको असलेली माणसं सगळीकडं आहेत.

म्हणून मित्रांनो, या म्हातारीचं एवढं ऐका. आकडा आवडला नाही, तर पट्टी सरकवू नका. मोटार बंद करा.