चरबी लावलेलं पिस्तूल

देसांकाने पिस्तूल पावाच्या टोपलीत, फडक्याखाली घालून आणलं आणि तिहोमिर उस्तादाच्या टेबलावर ठेवलं. नळीचं तोंड सरळ म्हाताऱ्याच्या पोटाकडे.

"आधी ते भिंतीकडे फिरव," म्हातारा म्हणाला. "नमस्कार-चमत्कार मग बघू."

"रिकामं आहे उस्ताद. गोळ्यांचं मॅगझीन काढून वेगळं आणलंय."

तिहोमिरने चाळीस वर्षं सैन्याच्या शस्त्रागारात बंदुका दुरुस्त केल्या होत्या. त्याने पिस्तूल उचललं, कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे धरलं आणि वरचा सरकता भाग, स्लाइड, मागे ओढली. नळीत राहिलेली एक गोळी बाहेर उडाली, टेबलावरून घरंगळली आणि देसांकाच्या पायाशी येऊन पडली.

"हे रिकामं?"

देसांका मटकन स्टुलावर बसली. कोस-अर्धा कोस ती टोपली तिच्या कमरेला आपटत आली होती. वाटेत दोन शेजारणींशी ती टोपली हलवत गप्पाही मारून आली होती.

"ओब्रेन म्हणतो, मॅगझीन काढलं की पिस्तूल मेलं," ती कशीबशी म्हणाली.

"ओब्रेनचं काय जातंय म्हणायला," उस्ताद म्हणाला.

ओब्रेन तिचा धाकटा दीर. रविवारी तिच्या एकुलत्या एक मुलाचं, वुकाशिनचं लग्न होतं. त्या खोऱ्यात नवरदेवाला मुलीच्या अंगणात असंच कुणी घेत नाही. उंच बल्लीच्या टोकाला सफरचंद बांधतात, ते नवरदेवाने गोळीने पाडायचं, मग फाटक उघडतं. कितव्या गोळीला पाडलं हे गाव जन्मभर लक्षात ठेवतं, पोरं किती झाली ते विसरेल एक वेळ. बाकीचे लोक शिकारीची बंदूक आणतात. या घराण्यात मात्र आजोबांचं पिस्तूलच लागतं. हौसेला मोल नाही म्हणतात, अक्कलही लागत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी ओब्रेनच्या लग्नात, अशाच एका बल्लीखाली, याच पिस्तुलाने देसांकाचा नवरा मिलुतिन गेला. लहानग्या वुकाशिनला घेऊन ती तेव्हा घरीच होती. पिस्तूल अडकलं होतं. आतली स्प्रिंग तुटली आणि गोळी आपोआप सुटली, असं कोर्टाने ठरवलं. पुढे ओब्रेनने भावाच्या पोराला स्वतःच्या पोरासारखं वाढवलं, भावाचं शेत नांगरलं, पोराला शहरात शिकायला ठेवलं. आणि आता मोठ्या मानाने तेच पिस्तूल त्याच्या हातात दिलं.

हे पिस्तूल नको म्हणून देसांकाने मुलाची विनवणी केली होती. "आईच्या मागे लपला म्हणतील," एवढंच तो म्हणाला. प्रथा मोडायची ताकद तिच्यात नव्हती. म्हणून ती शिकायला आली होती. सहा दिवसांत शिकायचं आणि पोराला शिकवायचं. त्याने बापाच्या वाटेने जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

"पहिलं मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे," उस्ताद शिकवू लागला. "उलटं केलंस तर खालची गोळी पुन्हा वर चढते. मग आत डोकावून बघ. मग करंगळी घालून बघ. डोळा फसतो, करंगळी फसत नाही. आणि बोट चापावर नाही, बाहेर, सरळ. झाडायचं ठरलं की मगच आत."

त्याने पिस्तूल उघडलं आणि नाकाला लावलं.

"हा काय वास?"

"चरबी. हिवाळ्यात डुक्कर कापलं की ताज्या चरबीचा पहिला बोळा पिस्तुलाला. सासऱ्यांपासूनची रीत आहे. घराला बरकत येते."

"बाई, हे पिस्तूल आहे की तवा?" म्हाताऱ्याने काडीने आतला पिवळा, चिकट थर खरवडून दाखवला. "ही वाळते, डिंकासारखी होते. स्लाइड पुरती मागे जात नाही, पुरती पुढे येत नाही. मग ते अडकतं आणि तुम्ही म्हणता नशीब."

सगळं घासून, पुसून, तेलाचे मोजून चार थेंब दिले, तशी स्लाइड जिभेसारखी चालायला लागली. देसांका रोज दुपारी येत होती. खोट्या गोळ्या घालून उस्ताद मुद्दाम पिस्तूल अडकवायचा आणि तिच्याकडून सोडवून घ्यायचा. चाप दाबला आणि आवाज आला नाही, तर नळी होती तिथेच धरून तीस आकडे मोजायचे, कारण गोळी कधी कधी उशिरा पेटते. वळून कुणाला विचारायचं नाही. नळीत तर मुळीच बघायचं नाही. बुधवारपर्यंत तिची बोटं न चुकता चालायला लागली. तिला स्वतःचाच अभिमान वाटला, आणि मग मनात एक प्रश्न आला.

"उस्ताद, स्प्रिंग तुटली तर हे आपोआप सुटतं?"

तिहोमिरने फडक्याला हात पुसले.

"हे? नाही."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी अडकलं. ओब्रेनने मॅगझीन काढलं, सगळ्यांकडे वळला, म्हणाला, मेलं बघा, आणि दाखवायला म्हणून चाप दाबला. समोर मिलुतिन हसत उभा होता." त्याने खाली बघितलं. "कोर्टाने पिस्तूल माझ्याकडेच पाठवलं होतं. तुझा सासरा इथे, या स्टुलावर बसून हे सगळं सांगत रडला. एक पोरगा मातीत गेला, दुसरा तुरुंगात घालू नकोस म्हणाला. स्प्रिंग मी स्वतः तोडली, आणि मग अहवालात तुटली म्हणून लिहिलं."

देसांकाला त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण रविवारला चार दिवस होते आणि शिकवणारा तोच एक होता.

"पुन्हा अडकवा," ती म्हणाली.

शनिवारी तिने वुकाशिनला समोर बसवून सगळं सांगितलं आणि पिस्तूल उघडून दाखवलं. त्याने दोनदा स्लाइड ओढली, मग ते बाजूला सारलं.

"काका मला बापासारखा आहे, आई. उद्या लग्न आहे आणि आज तू हे उकरतेस?"

"लग्न उद्या आहे म्हणूनच उकरतेय, राजा."

"तो म्हातारा दिवसा पितो. त्याचं ऐकतेस?"

नवरदेवाच्या आईने वरातीबरोबर जायचं नसतं. घरी उंबरठ्यावर उभं राहून सुनेला साखर भरवायची, तिच्या काखेत पाव द्यायचे, हा तिचा मान. देसांका रविवारी वरातीच्या शेवटच्या गाडीत जाऊन बसली. बायका कुजबुजल्या. मुलीच्या फाटकासमोर पोचल्यावर ओब्रेन राकिया दारूची बाटली फिरवत होता आणि मोठमोठ्याने सांगत होता, "सकाळी बघितलं तर पिस्तूल उपासातल्या साधूसारखं कोरडं ठाक! वहिनीने पार पुसून काढलं होतं. चांगली मूठभर चरबी चोपडली."

देसांका गर्दीतून पुढे घुसली, तोवर वुकाशिनने नेम धरला होता. पहिली गोळी हवेत गेली. दुसऱ्या वेळी नुसता खट्‌ आवाज आला.

"नवरदेवाचंही असंच अडकणार का रे?" मुलीकडचा कुणीतरी ओरडला. सगळी गर्दी हसली.

"मॅगझीन काढ, पोरा!" ओब्रेन ओरडला. "मेलं की पुन्हा घाल."

वुकाशिनने मॅगझीन काढलं. मग कान लाल झालेला तो पोरगा, बोट चापावर तसंच ठेवून, हसणाऱ्या लोकांकडे वळू लागला.

"नळी वर!" देसांका किंचाळली. तिने त्याचं मनगट धरून आभाळाकडे नेलं, मनातल्या मनात तीस मोजले, पिस्तूल त्याच्या हातातून काढलं. मग बांधाकडे तोंड करून दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून, स्लाइड ओढली. आत राहिलेली गोळी गवतात पडली. तिने आत बघितलं, करंगळी घातली, मग गोळी उचलून सगळ्यांसमोर धरली.

"हे मेलेलं पिस्तूल," ती म्हणाली. "ओब्रेन, एकोणीस वर्षांपूर्वीही हे असंच मेलं होतं. स्प्रिंग तुटली नव्हती. तुझं बोट होतं."

ओब्रेन पांढराफटक पडला. गर्दीच्या टोकाला उभा असलेला तिहोमिर आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग मुलीचा बाप राडोये हळूच म्हणाला, "आमच्या मुलीचं लग्न नक्की कुणाशी आहे? याच्याशी की याच्या आईशी?"

पुन्हा हशा पिकला, आणि सगळ्यांना बरं वाटलं.

वुकाशिन हसला नाही. त्याने आईच्या हातातून पिस्तूल घेतलं आणि काकाला दिलं. "तूच पाड, काका. नात्यातल्याने पाडलं तरी चालतं."

ओब्रेन दर गोळीनंतर स्लाइड हाताने पुढे ढकलत राहिला. पाचव्या गोळीला सफरचंद पडलं. तुताऱ्या वाजल्या, फाटक उघडलं, लोक आत गेले. देसांकाला आत या असं कुणीच म्हटलं नाही.

ती शेताशेतातून घरी निघाली. सुनेला उंबरठ्यावर साखर तरी भरवावी म्हणून ती झपझप चालत होती. अर्ध्या वाटेत वरातीच्या गाड्या भोंगे वाजवत बाजूच्या रस्त्याने गेल्या. एकही थांबली नाही.

ती आपल्या घराच्या फाटकाशी पोचली तेव्हा उंबरठ्यावर ओब्रेनची बायको उभी होती आणि सुनेच्या तोंडात साखर घालत होती. वुकाशिन शेजारी उभा होता, धडधाकट, नव्या सुटात, हातापायाने शाबूत. त्याने आईला बघितलं.

"जरा बाजूला हो, आई," तो म्हणाला. "फोटोत येतेस."