एका झोपेचा प्रोग्राम

बाळाची दुपारची झोप सव्वा तासाची. तेवढ्यात सुनेनं प्रोग्रामिंग शिकायचं, असं घरात ठरलेलं. कॉलेजात ती हे शिकली होती, पण मधल्या तीन वर्षांत सगळं विसरायला झालं होतं. मग तिनं स्वतःलाच नियम घालून घेतला: रोज तोच प्रोग्राम पहिल्या ओळीपासून लिहायचा आणि बाळ चुळबुळलं की कायमचा पुसून टाकायचा.

"रोज विणायचं नि रोज उसवायचं?" सासूबाई म्हणाल्या.

"हात बसतो, आई."

"बसू दे. स्वेटर मात्र होत नाही!"

आज नेमका स्वेटर हवा होता. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई चारला येणार होत्या. पेशंटना वेळा लावून देणारा हा प्रोग्राम त्यांना आवडला, तर दवाखान्याचं काम तिला मिळणार होतं. बाळ झाल्यानंतरचं पहिलंच काम! सकाळपासून तिनं बाळाचं कपाळ चारदा चाचपलं होतं आणि गॅस बंद असल्याची दोनदा खात्री केली होती.

तीनला प्रोग्राम झकास चालला. तेवढ्यात पाळणा हलला. तिच्या बोटांनी सवयीनं सगळं पुसून टाकलं.

"आई गं!"

सासूबाई धावत आल्या. "बाळानं काही दाबलं का?"

"नाही हो. त्याच्या आईनं."

"मग तुला बरं नाही म्हणून सांगते त्यांना."

"डॉक्टरांनाच?"

दोघींना हसू फुटलं. सासूबाईंनी बाळाला कडेवर घेतलं. "बस तू. मी आहे."

ती बसली. बोटं कुठेच अडखळेनात. काल जिथे बारा ओळी लागल्या होत्या, तिथे आज पाचात भागलं. बेल वाजली तेव्हा शेवटचा तुकडाच उरला होता.

डॉक्टरीणबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. तिनं तो तुकडा त्यांच्यासमोरच पुरा केला आणि प्रोग्राम चालवून दाखवला. "लहान मुलं तोंडच उघडत नाहीत हो. त्यांना दुप्पट वेळ लागतो."

हे तिनं कधी लिहिलंच नव्हतं. मग तिनं प्रोग्रामात वरची एक ओळ बदलली, खाली दोन घातल्या. पडद्यावर लहानग्यांच्या वेळा ऐसपैस पसरल्या.

"अय्या! लगेच?" डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "उद्यापासून लावू या. पुढे आणखी काही हवं असलं, तर किती वेळ धरू?"

तिनं सासूबाईंच्या कडेवर टुकूटुकू बघणाऱ्या बाळाकडे पाहिलं.

"एक झोप."

"आणि आईला पुसू नकोस म्हणावं," सासूबाई बाळाला म्हणाल्या.